वाचकांचे प्रश्न : तोंड नसलेला कृमी जेवतो कसा?

पोटातल्या कृमींविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी चपट्या कृमींच्या अन्नपचनाबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. चपटे परजीवी कृमी मुख्यतः दोन घराण्यांचे. एक पट्टकृमी, म्हणजे टेपवर्म. दुसरे पर्णकृमी, म्हणजे फ्लूक. दोघांच्या जेवणाच्या तऱ्हा अगदी वेगळ्या आहेत, त्यामुळे उत्तर कोणाबद्दल आहे ते प्रत्येक ठिकाणी लिहिले आहे.

प्रश्न : पट्टकृमीला तोंड नसते, आतडे नसते, असे वाचले. मग डोक्यावरच्या चूषकांनी तो आतड्याच्या भिंतीतून रस ओढत असेल ना?

नाही. चूषकांचा जेवणाशी काहीही संबंध नाही; ते फक्त धरून राहण्यासाठी आहेत. माणसाच्या आतड्यात राहणारा टीनिया सॅजिनाटा सहज ४ ते १० मीटर लांब होतो, त्याला हजार-दोन हजार खंड असतात आणि डोके मात्र जेमतेम १ ते २ मिलिमीटरचे. डोके एका जागी चिकटलेले असते, बाकीचे सगळे शरीर अर्धवट पचलेल्या अन्नात लोळत असते. जेवण होते ते या अंगावरून. अंडे, अळी, प्रौढ अशा कुठल्याच अवस्थेत पट्टकृमीला तोंड, आतडे किंवा गुदद्वार नसते.

हे जमते कसे, याचे उत्तर त्याच्या त्वचेत आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक येईपर्यंत या त्वचेला निर्जीव कवच समजत असत. प्रत्यक्षात तो जिवंत, अत्यंत कामसू थर निघाला. त्याला टेग्युमेंट म्हणतात. यात पेशींच्या मधल्या भिंतीच नाहीत. सगळ्या अंगावर जीवद्रव्याची एकच सलग चादर आहे. या चादरीची केंद्रके वर नसतात, ती स्नायूंच्या थराखाली खोल दडलेली असतात आणि बारीक नळ्यांनी वरच्या थराला जोडलेली असतात. पृष्ठभागावर मायक्रोट्रिक्स नावाचे असंख्य सूक्ष्म काटे असतात. आपल्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूला जी सूक्ष्म लव असते तिच्याशी त्यांचे खूप साम्य आहे. फरक इतकाच, की काट्याचे टोक टणक असते. सदऱ्याची बाही उलटी करावी तसे आतडे उलटे होऊन अंगावर आले आहे, असे समजा.

अन्न आत घेण्याची यंत्रणाही आतड्यासारखीच आहे. या बाबतीत सर्वात जास्त अभ्यास झाला तो उंदरातल्या हायमेनोलेपिस डिमिन्यूटा या पट्टकृमीचा. ग्लुकोज त्वचेतून नुसते झिरपत नाही. एक वाहक प्रथिन सोडियमच्या आधाराने ते आत ओढते, आणि बाहेर कमी व आत जास्त असतानाही ओढते. भोवतालच्या द्रावणातून सोडियम काढून टाकले की ग्लुकोज घेणे एकदम मंदावते. फ्लोरिझिन हे रसायन घातले तरी तेच होते. गॅलॅक्टोज घातले तर ते त्याच वाहकावर हक्क सांगते आणि ग्लुकोजला जागा कमी पडते. अमिनो आम्लांसाठी निरनिराळे वाहक आहेत आणि एकाच वाहकावर अवलंबून असलेली आम्ले एकमेकांना अडवतात.

प्रयोगशाळेत हे मोजणाऱ्यांसाठी एक सूचना : कृमीला खूण लावलेल्या, म्हणजे माग काढता येईल अशा, ग्लुकोजमध्ये ३७ अंश सेल्सिअसला ठेवण्याचा काळ एक-दोन मिनिटांचाच हवा. जास्त वेळ ठेवले तर आत गेलेले ग्लुकोज ग्लायकोजेनमध्ये, म्हणजे साठवणीच्या रूपात, बदलू लागते, आणि तुम्ही मोजता ते नुसते शोषण उरत नाही. बाहेर काढल्यावर थंड सलाइनमध्ये झटपट धुऊन टिपकागदावर अलगद टेकवावा. अंगाला चिकटलेले द्रावण तसेच राहिले तर आकडा फुगतो.

प्रश्न : मग पाचक विकरे (एन्झाइम) कोणाची? कृमी स्वतः काही पचवतो की सगळे आयते?

पट्टकृमीचे जवळजवळ सगळे आयते. पिष्टाचे तुकडे करणारे अमायलेज यजमानाच्या, म्हणजे कृमी ज्याच्या अंगात राहतो त्याच्या, स्वादुपिंडाचे, प्रथिने तोडणारे ट्रिप्सिन यजमानाचे, मेद तोडणारे लायपेजही यजमानाचेच. तरीही पट्टकृमी नुसता हात बांधून बसत नाही. त्याच्या त्वचेवर शर्करायुक्त रेणूंचा एक चिकट थर असतो, त्याला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. यजमानाचे अमायलेज या थरावर येऊन चिकटते आणि तिथे ते मोकळ्या द्रावणापेक्षा जास्त जोमाने काम करते. याचा अर्थ, पिष्टाचा तुकडा पडतो तो शोषणाऱ्या वाहकाच्या अगदी शेजारी, आणि यजमानाच्या आतड्याच्या भिंतीपर्यंत पोहोचण्याआधी त्यातला काही भाग कृमीच्या पदरात पडतो. स्वतःचीही काही विकरे त्वचेवर असतात. उदाहरणार्थ, फॉस्फेट जोडलेली साखर तशी आत शिरू शकत नाही. त्वचेवरचे फॉस्फेटेज ते फॉस्फेट तोडते आणि मग साखर आत जाते.

कृमीच्या या परावलंबनाचा पुरावा उंदरांच्या आहारात दिसतो. बहुतेक पट्टकृमींना ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोनच साखरा वापरता येतात. उंदराच्या खाण्यातून पिष्टमय पदार्थ काढले की आतला पट्टकृमी खुरटतो, अंडी कमी घालतो. पिष्टाऐवजी उसाची साखर दिली तरी तो पुरेसा वाढत नाही, कारण ती साखर आतड्याच्या भिंतीवरच फुटते आणि फुटताक्षणी उंदराच्या रक्तात जाते. कृमीच्या वाट्याला फार थोडी येते. उलट प्रथिने काढून टाकली तर कृमीला फारसा फरक पडत नाही. यजमान स्वतःच्या पाचकरसांतून आणि झडलेल्या पेशींतून आतड्यात सतत अमिनो आम्ले सोडत असतो, आणि कृमी ती उचलतो. यजमान उपाशी असला तरी हा पुरवठा थांबत नाही.

मेदाच्या बाबतीत तर पट्टकृमी पुरता लाचार आहे. मेदाम्ले आणि कोलेस्टेरॉलसारखे स्टेरॉल त्याला शून्यातून बनवताच येत नाहीत. तयार मेदाम्ले घेऊन त्यांत थोडी जोडतोड करणे एवढेच त्याच्या हातात असते.

एक गोष्ट मात्र मला फार विलक्षण वाटते. उंदीर रात्री खातो, आणि त्याच्यातला हायमेनोलेपिस डिमिन्यूटा रात्री आतड्यात जठराच्या दिशेने वर सरकतो, दिवसा पुन्हा खाली येतो. उंदराला दिवसा खायला घातले तर कृमीचे वेळापत्रकही उलटते. म्हणजे घड्याळ त्याचे नाही, जेवणाचे आहे. आणि एकाच उंदरात कृमी जास्त झाले तर प्रत्येक कृमी आकाराने लहान राहतो. पिष्टाच्या वाटणीवरची स्पर्धा हे त्याचे एक मुख्य कारण मानले जाते.

प्रश्न : जे विकर मांसाचे पाणी करते त्यात हा प्राणी वर्षानुवर्षे राहतो. तो स्वतः का पचत नाही?

जिवंत आहे म्हणून. मेलेला पट्टकृमी त्याच आतड्यात पाहता पाहता पचून जातो. जिवंत असताना तीन गोष्टी त्याला राखतात. पहिली, अंगावरचा शर्करायुक्त चिकट थर, ज्यातून विकरांना खालच्या प्रथिनांपर्यंत सहज पोहोचता येत नाही. दुसरी, त्या थराची सततची दुरुस्ती : त्वचेखालच्या पेशी नवीन माल पिशव्यांत भरून वर पाठवत राहतात, जुना थर झडत राहतो. तिसरी, विकरांना थेट निकामी करणे. हायमेनोलेपिस डिमिन्यूटा ज्या द्रावणात ठेवला असेल त्यातल्या ट्रिप्सिनची क्रिया घटते, हे प्रयोगांत दिसले आहे. अमायलेजला जोर द्यायचा आणि ट्रिप्सिनला आवरायचे, दोन्ही कामे एकच पृष्ठभाग करतो.

प्रश्न : मेंढ्यांच्या यकृतातून पानासारखे चपटे कृमी निघतात. ते पित्त पितात का? आणि मेंढ्या पांढऱ्या का पडतात?

हा फॅसिओला, यकृतातला पर्णकृमी. तो पित्तनलिकेत राहतो, पण त्याचे मुख्य अन्न पित्त नव्हे. तो रक्त आणि पेशी खातो.

गवताबरोबर पोटात गेलेली कवचातली अळी लहान आतड्यात कवचातून बाहेर पडते, भिंत भेदून पोटाच्या पोकळीत येते आणि काही दिवसांत यकृतात शिरते. पुढचे सहा ते आठ आठवडे ती यकृताचा गरच खात हिंडते. तिच्या मार्गात रक्तस्राव होतो आणि नंतर तिथे वण उरतात. एकदम पुष्कळ अळ्या शिरल्या तर मेंढी या काळातच, कसलीही पूर्वसूचना न देता, दगावू शकते. त्यानंतर कृमी पित्तनलिकेत पोहोचतो, साधारण ३ सेंटिमीटर लांब होतो आणि नलिकेच्या अस्तराला तोंडाच्या चूषकाने टोचून रक्त शोषू लागतो.

याला आतडे आहे. तोंड, स्नायुमय ग्रसनी, आखूड अन्ननलिका आणि मग दोन फाटे. फॅसिओलात या दोन फाट्यांना पुन्हा इतक्या शाखा-उपशाखा फुटतात की सगळे अंग आतड्याच्या जाळ्याने भरते. शरीरात रक्ताभिसरण नसल्यामुळे अन्न पेशींपर्यंत पोहोचवायचे कामही आतड्यालाच करावे लागते, आणि शाखांचा एक उपयोग तोच. आतड्याच्या अस्तराच्या पेशी आळीपाळीने दोन कामे करतात : कधी विकर सोडतात, कधी पचलेले शोषतात.

मुख्य विकर म्हणजे कॅथेप्सिन एल. ते निष्क्रिय रूपात पिशव्यांत साठवलेले असते; आतड्याच्या आम्लधर्मी पोकळीत सुटल्यावर ते जागे होते आणि हिमोग्लोबिन व अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनांचे लहान लहान तुकडे करते. शेवटचे तुकडे पेशींच्या आत पचतात. वयानुसार या विकरांचे प्रकारही बदलतात. कोवळी अळी कोलॅजेन कापणारे प्रकार वापरते, कारण तिला ऊतींतून वाट काढायची असते. प्रौढ कृमीला हिमोग्लोबिन पचवायचे असते.

आता मेंढीच्या पांढरे पडण्याबद्दल. एका प्रौढ कृमीमागे दिवसाला ०.२ ते ०.५ मिलिलिटर रक्त जाते, असे मोजमाप आहे. १०० कृमी असले तर रोजचे २० ते ५० मिलिलिटर. यातले सगळे रक्त कृमीच्या पोटात जात नाही. टोचलेल्या जागेतून बरेचसे आतड्यात वाहून वाया जाते. मेंढी काही काळ नवीन रक्त बनवून तूट भरून काढते, पण लोहाचा साठा संपला की पापण्यांची आतली बाजू फिकट पडते. अल्ब्युमिन गळत राहिल्यामुळे जबड्याखाली पाणी साचते. शिवाय फॅसिओला प्रोलिन हे अमिनो आम्ल मोठ्या प्रमाणात बाहेर टाकतो, आणि पित्तनलिका जाड होण्यामागे हे प्रोलिनही एक कारण आहे.

कृमी काय खातो यावर औषधाची निवडही अवलंबून असते. क्लोसँटेल हे औषध रक्तातल्या अल्ब्युमिनला घट्ट चिकटून राहते. म्हणून ते रक्त पिणाऱ्या कृमीच्या पोटात बरोबर पोहोचते, आणि नुकत्या यकृतात शिरलेल्या अळीवर मात्र चालत नाही. अल्बेंडॅझोल फक्त प्रौढ कृमींवर उपयोगी. ट्रायक्लाबेंडॅझोल कोवळ्या अळीपासून प्रौढापर्यंत सगळ्यांवर चालते, पण त्याला दाद न देणारे कृमी आता पुष्कळ ठिकाणी आढळतात. मात्रा अंदाजाने देऊ नये. कळपातल्या मेंढ्या तोलून, वजनाप्रमाणे, पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावी. क्लोसँटेलची मात्रा जास्त झाली तर जनावर आंधळे होऊ शकते, आणि कमी झाली तर औषधाला निर्ढावलेले कृमी तेवढे मागे उरतात.

शेण तपासताना एक चूक नेहमी होते : मिठाच्या द्रावणावर अंडी तरंगवण्याची पद्धत वापरली जाते. फॅसिओलाची अंडी जड असतात, ती वर येत नाहीत आणि अहवाल निर्दोष येतो. शेण पाण्यात कालवून, गाळून, गाळ खाली बसू द्यावा आणि तो तपासावा. शिवाय संसर्गानंतर पहिले दोन ते तीन महिने कृमी अंडी घालतच नाही, त्या काळात शेणात काही सापडणार नाही.

प्रश्न : पर्णकृमीला गुदद्वार नसते. मग विष्ठा?

तोंडावाटे. आतडे मागच्या टोकाला बंद असते, त्यामुळे न पचलेला गाळ उलटीसारखा बाहेर टाकला जातो. फॅसिओला हे नियमाने करतो. ताजा कृमी कोमट सलाइनमध्ये ठेवला तर काही वेळाने भोवताली तपकिरी-काळा ढग दिसतो. शरीरातले जादा पाणी आणि विरघळलेली टाकाऊ द्रव्ये काढायला ज्वालापेशींची वेगळी व्यवस्था आहे, तिचा आतड्याशी संबंध नाही.

प्रश्न : शिस्टोसोमा हा पर्णकृमी रक्तवाहिनीतच राहतो. तो रक्त पितो की रक्तातली साखर त्वचेतून घेतो?

दोन्ही, आणि दोन्ही कामे वेगळ्या वाटांनी. ग्लुकोज मुख्यतः त्वचेतून येते. इथला वाहक पट्टकृमीसारखा सोडियमवर चालणारा नाही. रक्तात ग्लुकोज कायम मुबलक असल्यामुळे जास्तीकडून कमीकडे जाऊ देणारा साधा वाहक पुरतो. आणि खप केवढा! प्रौढ कृमी आपल्या कोरड्या वजनाइतके ग्लुकोज अवघ्या पाच तासांत वापरतो.

प्रथिने मात्र तोंडातून येतात. नर आणि मादी जोडीने राहतात. जाड नराच्या खोबणीत बारीक मादी असते. अंड्यांसाठी लागणारा माल मोठा असल्यामुळे मादीची भूक अधिक. शिस्टोसोमा मॅन्सोनीची मादी तासाला सुमारे ३,३०,००० तांबड्या पेशी गिळते, नर सुमारे ३९,०००. पेशी फोडण्याचे काम अन्ननलिकेतच सुरू होते, तिथल्या ग्रंथींचा स्राव तांबड्या पेशींची पटले विरघळवतो. पुढे आतड्यात कॅथेप्सिन डी, कॅथेप्सिन बी, कॅथेप्सिन एल आणि इतर विकरे हिमोग्लोबिनचे आधी मोठे, मग लहान तुकडे करतात; उरलेल्या बारीक तुकड्यांची छाटणी आतड्याच्या पेशींत होते.

प्रश्न उरतो तो हीमचा. हिमोग्लोबिनमधले प्रथिन वापरून झाल्यावर उरणारे हीम, म्हणजे त्यातला लोहयुक्त भाग, मोकळे राहिले तर कृमीच्या स्वतःच्या पटलांना अपाय करते. शिस्टोसोमा त्याचे हिमोझॉइन नावाचे काळे स्फटिक बनवतो. हिवतापाचा परजीवी हेच करतो. स्फटिक विरघळत नाहीत म्हणून निरुपद्रवी ठरतात आणि उलटीवाटे रक्तात जातात. यजमानाच्या यकृतात दिसणारा काळपट रंग याच स्फटिकांचा. सूक्ष्मदर्शकाखाली मादी काळसर आणि नर फिकट दिसतो तोही याच कारणाने : मादीचे आतडे या गाळाने भरलेले असते.

प्रश्न : आतड्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. एवढे ग्लुकोज घेऊन हे कृमी ऊर्जा कशी काढतात?

अर्धवट जाळून. पट्टकृमी आणि फॅसिओला ग्लुकोज पूर्ण कार्बन डायऑक्साइडपर्यंत नेत नाहीत. ग्लुकोज अर्ध्या वाटेवर तुटले की त्याला कार्बन डायऑक्साइड जोडून मॅलेट बनवले जाते, आणि तंतुकणिकेत (पेशीतल्या ऊर्जा काढणाऱ्या भागात) त्या मॅलेटचा काही भाग सक्सिनेटमध्ये तर काही ॲसिटेटमध्ये बदलतो. फॅसिओला सक्सिनेटच्या पुढे जाऊन प्रोपिओनेट करतो. या उलट्या वाटेसाठी त्यांच्याकडे र्‍होडोक्विनोन नावाचा खास इलेक्ट्रॉन-वाहक आहे; आपल्या शरीरात तो नाही. एका ग्लुकोजमागे या वाटेने साधारण ५ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात. नुसते लॅक्टेट केले तर २ मिळतात, आणि प्राणवायूत पूर्ण जाळले तर ३० च्या आसपास. शिस्टोसोमाला रक्तात प्राणवायू मिळतो, तरी तो बहुतेक ग्लुकोजचे लॅक्टेटच करतो.

हिशेब तोट्याचा वाटतो, पण बाहेर ग्लुकोज फुकट आणि अमाप असल्यावर काटकसर कशाला? मिळकत कमी म्हणून माल जास्त हवा, आणि माल जास्त घ्यायचा म्हणून शोषणारा पृष्ठभाग मोठा हवा. चपटे, लांब शरीर आणि अंगभर काटे या गरजेला अगदी जुळतात. यजमान उपाशी असताना कामी यावे म्हणून ग्लायकोजेनचा मोठा साठाही असतो.

प्रश्न : पोटात पट्टकृमी असला की माणूस कितीही खाल्ले तरी वाळत जातो, हे खरे का? वजन कमी करायला त्याच्या अंड्यांच्या गोळ्या मिळतात असेही ऐकले.

बहुतेकांच्या वजनात लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही. कृमी कितीही लांब असला तरी माणसाच्या मानाने त्याचे वजन किरकोळ, म्हणून त्याचा वाटाही किरकोळ. पोटात अस्वस्थता, मळमळ, भूक कमी-जास्त होणे, आणि विष्ठेत किंवा कपड्यांवर दिसणारे चपटे पांढरे खंड, एवढीच लक्षणे सहसा असतात.

पोषणाची खरी चोरी करणारा एक आहे : डायफिलोबॉथ्रियम लॅटम, कच्च्या किंवा अर्धकच्च्या गोड्या पाण्यातल्या माशांतून येणारा, १० मीटरपर्यंत वाढणारा. त्याला ब१२ जीवनसत्त्व फार लागते. आपल्या जठरातला एक घटक ब१२ ला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत नेतो आणि तिथे ते शोषले जाते. हा कृमी ती जोडी वाटेतच फोडतो आणि ब१२ स्वतः घेतो. तो आतड्यात वरच्या भागात बसला असेल तर धोका अधिक, कारण तिथे त्याचा हात आधी पोहोचतो. काही रुग्णांत त्यामुळे मोठ्या तांबड्या पेशींचा पांडुरोग होतो आणि हातापायांना मुंग्या येतात.

गोळ्यांबद्दल कळकळीने सांगतो : चुकूनही घेऊ नका. टीनिया सोलियम या डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी पोटात गेली तर त्यातून आतड्यात पट्टकृमी होत नाही. अळ्या रक्तातून स्नायू, डोळे आणि मेंदूत जाऊन तिथे पुटी, म्हणजे द्रवाने भरलेल्या छोट्या पिशव्या, बनवतात. फेफरे येण्याचे ते एक मोठे कारण आहे. आतड्यातला प्रौढ कृमी होतो तो अर्धकच्च्या मांसातली पुटी खाल्ल्याने, अंड्याने नव्हे.

प्रश्न : मेंदूतल्या किंवा यकृतातल्या पुटीतली अळी काय खाते? गोगलगायीतल्या अवस्था?

पुटीतली अळी भोवतालच्या द्रवातून ग्लुकोज आणि अमिनो आम्ले भिंतीतूनच शोषते. पर्णकृमीच्या अळ्या आधी गोगलगायीत वाढतात; त्या अवस्थांपैकी स्पोरोसिस्टला तोंड नसते, तो त्वचेतून शोषतो. रेडियाला तोंड, ग्रसनी आणि पिशवीसारखे छोटे आतडे असते आणि ती गोगलगायीच्या ऊती गिळते. पाण्यात पोहणाऱ्या अवस्था काहीच खात नाहीत. साठवलेल्या ग्लायकोजेनवर त्या एखाद-दोन दिवस जगतात, तेवढ्यात पुढचा मुक्काम गाठला नाही तर संपल्या.

प्रश्न : महाविद्यालयात फॅसिओलाची स्लाइड बनवतो, पण आतड्याच्या शाखा दिसतच नाहीत, सगळे तपकिरी दिसते. काय चुकते?

दोन शक्यता. कृमीच्या पोटात रक्ताचा गाळ तसाच राहिला, किंवा कृमी आखडून जाड झाला.

कत्तलखान्यातून आणताना ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात, ३७ अंशांच्या आसपास, थर्मासमध्ये आणा. साध्या पाण्यात टाकू नका, कृमी फुगतो आणि त्वचा फुटते. दोन-तीन तास सलाइन बदलत राहा. प्रत्येक वेळी पाणी काळपट होईल, ते स्वच्छ राहू लागले की आतडे रिकामे झाले असे समजा. मग कृमी दोन स्लाइडांमध्ये ठेवून दोऱ्याने हलकेच बांधा. जास्त दाबला तर तो कडेने फाटतो. सैल राहिला तर स्थिरीकरण द्रवात पडताच आखडतो. द्रवासाठी ८५ टक्के अल्कोहोलचे ८५ भाग, फॉर्मेलिनचे १० भाग, ग्लेशियल ॲसेटिक आम्लाचे ५ भाग घ्या. त्यात एक दिवस ठेवा, वास जाईपर्यंत ७० टक्के अल्कोहोलने धुवा, आणि बोरॅक्स कार्माइनमध्ये रात्रभर रंगवा.

रंग नेहमी जादा चढतो. तो उतरवायला ७० टक्के अल्कोहोलमध्ये १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल घाला आणि कृमीवर नजर ठेवून उतरवा. वृषणांच्या फांद्या गडद आणि आतड्याच्या फांद्या फिकट अशा वेगळ्या दिसू लागल्या की लगेच थांबा. पुढे ९० टक्के, मग दोनदा शुद्ध अल्कोहोल, प्रत्येकी अर्धा तास, नंतर झायलीन आणि डीपीएक्स (काच चिकटवण्याचा द्रव). झायलीनमध्ये दुधाळपणा आला तर आत पाणी राहिले आहे. शुद्ध अल्कोहोलमध्ये परत न्या, घाई करून चिकटवू नका.

एक नमुना मात्र आतडे रिकामे न करता ठेवा. दाबून स्थिर करा आणि न रंगवता ग्लिसरीनमध्ये पारदर्शक करा. त्यात आतड्याच्या काळ्या शाखा इतक्या सुरेख दिसतात की वर्गात वेगळे समजावावे लागत नाही. फॉर्मेलिन आणि झायलीनची कामे हवेशीर जागी, हातमोजे घालून करा. कुत्र्याच्या आतड्यातले पट्टकृमी विद्यार्थ्यांच्या हातात देऊ नका, त्यात एकायनोकोकस या माणसाला घातक पट्टकृमीची अंडी असू शकतात.

प्रश्न : पट्टकृमीचे औषध घेतले, पण विष्ठेत डोके सापडले नाही. औषध लागू पडले नाही का?

तसे म्हणता येत नाही. प्राझिक्वांटेलने कृमीच्या पेशींत कॅल्शियम घुसते, स्नायू आखडतात आणि त्वचेला ठिकठिकाणी फोड येऊन ती फुटते. निक्लोसमाइड कृमीच्या ऊर्जानिर्मितीची घडी विसकटते. दोन्हींत परिणाम एकच : ज्या त्वचेने इतकी वर्षे यजमानाची विकरे दूर ठेवली ती निकामी होते, आणि कृमी तिथल्या तिथे पचून जातो. जे बाहेर पडते ते बहुधा तुकडे आणि चिखल, त्यात मिलिमीटरभर डोके ओळखू येणे अवघड.

पण डोके आणि मानेचा इवलासा भाग जिवंत राहिला तर तेवढ्यातूनही नवीन खंड तयार होतात, कारण नवे खंड मानेपाशीच जन्मतात. ते पूर्ण वाढून विष्ठेत दिसायला साधारण तीन महिने लागतात. म्हणून औषधानंतर एका महिन्याने आणि पुन्हा तीन महिन्यांनी विष्ठा तपासून घ्यावी. तोवर खंड दिसले नाहीत आणि अंडी सापडली नाहीत तर कृमी गेला. टीनिया सोलियमची शंका असेल, किंवा पूर्वी कधी फेफरे आले असेल, तर औषधाच्या आधीच डॉक्टरांना सांगा : प्राझिक्वांटेल मेंदूतल्या पुटींपर्यंत पोहोचते, आणि त्या पुटी मरताना भोवती सूज येते.